साठा आणि प्रवाह : नववीच्या वर्गात कार्बन चक्र शिकवताना

इयत्ता नववीच्या विज्ञानात परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह शिकवताना जैव-भू-रासायनिक चक्रे येतात आणि त्यांत कार्बन चक्र येते. त्याची नेहमीची आकृती सर्वांच्या परिचयाची आहे. एक झाड, एक प्राणी, एक कारखाना, थोडा समुद्र आणि या सर्वांना जोडणारे बाण असे तिचे स्वरूप असते. विद्यार्थी ती सुबक काढतात, नावे देतात आणि पूर्ण गुण मिळवतात. मात्र त्याच विद्यार्थ्यांना वातावरणातील कार्बन डायऑक्साइड का वाढत आहे असे विचारले, तर झाडे तोडल्यामुळे, ओझोनच्या थराला छिद्र पडल्यामुळे, प्रदूषणामुळे अशी उत्तरे येतात आणि त्यांतील एकाही उत्तराचा त्या आकृतीशी संबंध लावता येत नाही. याचे कारण आकृतीतच आहे, असे माझे मत झाले. तिच्यातील सगळे बाण सारख्याच जाडीचे असतात, कोणत्या घटकात किती कार्बन आहे हे ती सांगत नाही आणि तिच्यात काळ नसतो. पानाच्या श्वसनाचा बाण आणि कारखान्याच्या धुराड्याचा बाण शेजारी शेजारी काढले, की दोन्ही सारख्याच जातीचे वाटतात.

पुणे जिल्ह्याच्या पश्चिम भागातील एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. गेली काही वर्षे हा घटक मी सिम्युलेशनच्या साहाय्याने, म्हणजे विद्यार्थ्यांना स्वतः आकडे बदलून परिणाम पाहता येईल अशा प्रतिकृतींच्या साहाय्याने शिकवत आले आहे. त्या प्रक्रियेत काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि विद्यार्थ्यांच्या विचारात नेमका कोठे बदल झाला, याची नोंद येथे करत आहे.

सुरुवात मी नेहमी एका लेखी प्रश्नाने करते. "समजा, उद्यापासून जगाने कार्बन डायऑक्साइड सोडण्याचे प्रमाण आहे तेवढेच ठेवले, ते वाढवलेही नाही आणि घटवलेही नाही, तर वातावरणातील कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाचे काय होईल? आलेख काढा." बहुतेक विद्यार्थी आडवी सरळ रेषा काढतात. उत्सर्जन स्थिर झाले म्हणजे प्रमाणही स्थिर झाले, असा त्यांचा तर्क असतो. ही चूक केवळ शाळकरी मुलांची नाही. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील जॉन स्टरमन आणि त्यांच्या सहकारी लिंडा बूथ स्वीनी यांनी तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना याच स्वरूपाचे प्रश्न विचारले आणि त्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातही बहुसंख्यांची उत्तरे द्रव्य अक्षय्यतेच्या नियमाशी, म्हणजे द्रव्य नव्याने निर्माण होत नाही आणि नष्टही होत नाही या नियमाशी, विसंगत होती. हाच नियम आमचे विद्यार्थी त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या भागात शिकतात. एका प्रकरणात शिकलेला नियम दुसऱ्या प्रकरणात का आठवत नाही, हा माझ्या दृष्टीने या संपूर्ण घटकातील कळीचा प्रश्न आहे.

पहिले सिम्युलेशन संगणकाशिवाय होते. शाळेच्या मैदानावर फक्कीने मोठी वर्तुळे आखून त्यांना वातावरण, वनस्पती व माती, समुद्राचा पृष्ठभाग आणि जमिनीखालचे इंधन अशी नावे दिली. प्रत्येक वर्तुळात विद्यार्थ्यांचा एक गट उभा राहिला. कार्बन म्हणून चिंचोके घेतले आणि एक चिंचोका म्हणजे १० अब्ज टन कार्बन असे ठरवले. औद्योगिक क्रांतीपूर्वी वातावरणात सुमारे ५९० अब्ज टन कार्बन होता, म्हणून त्या वर्तुळात ५९ चिंचोके ठेवले. एक फेरी म्हणजे एक वर्ष. दर फेरीत वातावरणातून १२ चिंचोके वनस्पतींकडे जातात, कारण प्रकाशसंश्लेषणाने वर्षाला सुमारे १२० अब्ज टन कार्बन शोषला जातो, आणि श्वसन व अपघटन यांतून तितकेच परत येतात. समुद्राशी देवघेव सुमारे ८ चिंचोक्यांची. पहिल्या काही फेऱ्यांत धावपळ पुष्कळ झाली आणि वातावरणातील गटाने मोजले तेव्हा ५९ चे ५९ भरले. इतके सगळे हलूनही काहीच बदलले नाही, याचे विद्यार्थ्यांना खरोखर नवल वाटले. चक्र या कल्पनेचा अर्थ त्यांना तेथे उमगला.

त्यानंतर इंधनाच्या वर्तुळाला दर फेरीत एक चिंचोका वातावरणात टाकण्यास सांगितले. आज जीवाश्म इंधनांतून वर्षाला सुमारे १० अब्ज टन कार्बन बाहेर पडतो, म्हणजे आमच्या मापात बरोबर एक चिंचोका. त्यातील साधारण निम्माच वातावरणात राहतो आणि उरलेला वनस्पती, माती व समुद्र शोषून घेतात, म्हणून दर दुसऱ्या फेरीला एक चिंचोका वातावरणाने पुढे ढकलायचा, असा नियम केला. येणारे-जाणारे वीस चिंचोके आणि त्यांत हा एक जास्तीचा, असे पाहून एका विद्यार्थ्याने विचारले, "मॅडम, वीसमधल्या एकाने काय होतंय?" अनेक सुशिक्षित प्रौढही हाच आक्षेप घेतात, की निसर्गाच्या प्रचंड उलाढालीत माणसाचा वाटा पाच टक्क्यांच्या आसपास आहे, तर त्याचा एवढा बाऊ कशासाठी. त्याला मी उत्तर दिले नाही आणि फेऱ्या चालू ठेवल्या. वीस फेऱ्यांनंतर वातावरणाच्या वर्तुळात दहा चिंचोके वाढले होते. वीस येतात तेव्हा वीस परत जातात, पण तो एक येतो तेव्हा त्याच्या वाटचे कोणीही तितकेच परत नेत नाही, हे प्रश्न विचारणाऱ्यानेच मोजून सांगितले. माझ्या उत्तरापेक्षा हे मोजणे अधिक टिकले, असे पुढच्या चाचणीत दिसून आले.

साठा आणि प्रवाह यांतील फरक स्पष्ट करण्यासाठी पाश्चात्त्य लेखनात स्नानगृहातील टबाचे उदाहरण देतात. आमच्या विद्यार्थ्यांना त्यासाठी दूर जाण्याचे कारण नव्हते. पानशेत, वरसगाव, टेमघर आणि खडकवासला या धरणांच्या परिसरातच ते वाढलेले आहेत आणि पावसाळ्यात घरोघरी धरणाचीच चर्चा असते. चारही धरणांची मिळून साठवण क्षमता २९.१५ टीएमसी आहे, विसर्ग क्यूसेकमध्ये सांगतात, एक माप साठ्याचे आणि दुसरे प्रवाहाचे, हे त्यांना वर्तमानपत्रामुळे ठाऊक होते. आवक विसर्गापेक्षा जास्त असेल तर आवक कितीही स्थिर असली तरी पाणी चढतच राहणार, आणि पातळी थांबवायची असेल तर आवक विसर्गाइतकी खाली यावी लागेल, हे कोणालाही समजावून सांगावे लागले नाही. मग त्यांनीच आपापला पहिला आलेख मागून घेतला आणि आडव्या रेषेच्या जागी चढती रेषा काढली. सगळ्यांनी नाही. काही जणांना धरणातील पाणी दिसते म्हणून पटते आणि हवेतील वायू दिसत नाही म्हणून पटत नाही, ही अडचण राहिलीच आणि ती पुढे प्रत्यक्ष मोजमापांपाशी आल्यावर सुटू लागली.

यानंतर संगणक कक्ष. आमच्याकडे चालू स्थितीतील संगणक विद्यार्थ्यांच्या मानाने कमी आहेत आणि पावसाळ्यात विजेचा भरवसा नसतो. त्यामुळे इंटरनेटशिवाय चालणारी साधने निवडणे भाग होते. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या ‘फेट’ या उपक्रमाची सिम्युलेशन विनामूल्य आहेत, त्यांतील अनेक मराठीतही मिळतात आणि एकदा उतरवून घेतली की जाळ्याशिवाय चालतात. मी ती आदल्या दिवशी पेन ड्राइव्हने प्रत्येक संगणकावर टाकून ठेवत असे. एका संगणकापाशी तिघे, त्यांतील एक माऊस हाताळणारा, एक अंदाज सांगणारा आणि एक नोंद करणारा, अशी विभागणी केली आणि दर दहा मिनिटांनी कामे बदलली. ही व्यवस्था किरकोळ वाटेल, परंतु ती नसेल तर एकच विद्यार्थी खेळतो आणि दोघे पाहत बसतात.

येथे एक नियम मी कटाक्षाने पाळला. अंदाज वहीत लिहिल्याशिवाय कोणतेही बटण दाबायचे नाही. सिम्युलेशनमधील रंगीत कण, तापमापक आणि सरकपट्ट्या इतक्या आकर्षक असतात, की अंदाजाशिवाय त्यांच्यासमोर बसलेला विद्यार्थी तासभर रमतो आणि काहीही न शिकता उठतो. अंदाज लिहिलेला असेल तर पडद्यावरचे उत्तर त्याच्याशी ताडून पाहावे लागते आणि विचार तेथूनच सुरू होतो.

रेणू आणि प्रकाश यांच्या सिम्युलेशनमध्ये विद्यार्थ्यांनी एकेका वायूवर अवरक्त प्रारण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे उष्णतेचे किरण, सोडून पाहिले. हवेत जवळपास सगळा नायट्रोजन आणि ऑक्सिजनच आहे, तेव्हा उष्णता तेच अडवत असणार, असा अनेकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात अवरक्त कण नायट्रोजनच्या आणि ऑक्सिजनच्या रेणूंमधून सरळ निघून गेले. कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि पाण्याची वाफ यांचे रेणू मात्र थरथरले आणि त्यांनी ते प्रारण पुन्हा कोणत्याही दिशेला सोडले. सारख्याच दोन अणूंचा रेणू कंप पावला तरी त्यातील विद्युतभाराची मांडणी एकीकडे झुकत नाही, म्हणून तो अवरक्त प्रारणाला दाद देत नाही, एवढे स्पष्टीकरण नववीला पुरेसे ठरले. ओझोनवर अतिनील प्रारण सोडले तेव्हा तो रेणू फुटला. ओझोनचे काम अतिनील किरणांशी आहे आणि आपण बोलत आहोत ती उष्णता अवरक्त आहे, हे पाहिल्यावर ओझोनच्या छिद्रामुळे पृथ्वी तापते हा समज बहुतेकांच्या वहीतून गेला. जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगशाळेत वेगवेगळ्या वायूंची उष्णता शोषण्याची क्षमता मोजली होती आणि त्याच्या तीन वर्षे आधी युनिस फूट या अमेरिकन महिलेने काचेच्या नळ्या उन्हात ठेवून कार्बन डायऑक्साइड असलेली नळी अधिक तापते असे नोंदवले होते, हेही मी आवर्जून सांगितले. हवामानबदलाचे विज्ञान कालपरवाचे आहे, असा समज मुलांच्या आणि पालकांच्याही मनात असतो.

हरितगृह परिणामाच्या सिम्युलेशनमध्ये वातावरणातील शोषक थरांची संख्या बदलता येते. एकही थर नसताना आणि पृथ्वी ३० टक्के सूर्यप्रकाश परावर्तित करते असे धरल्यास पृष्ठभागाचे तापमान उणे १८ अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिरावते. पूर्णपणे शोषणारा एक थर ठेवला की ते ३० अंशांपर्यंत जाते. प्रत्यक्ष सरासरी १५ अंशांच्या जवळपास असल्यामुळे खरी पृथ्वी या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी आहे, हे विद्यार्थ्यांनी स्वतः अनुमानले. हरितगृह परिणाम मुळात वाईट नाही, त्याच्याशिवाय आपण गोठलो असतो, हे वाक्य पुस्तकात वाचणे आणि तापमापकाचा पारा उणे अठरावर थांबलेला पाहणे यांत फार अंतर आहे.

त्याच वेळी प्रत्येक गटाला आणखी एक यादी करायला लावली. या सिम्युलेशनमध्ये काय नाही? वारा नाही, समुद्र नाही, रात्र नाही, डोंगर नाहीत, मान्सून नाही, अशी यादी वाढत गेली. खरे वातावरण काही काचेसारख्या सपाट थरांचे बनलेले नाही. पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेत, म्हणजे आयआयटीएममध्ये, विकसित झालेल्या पृथ्वी प्रणाली प्रतिकृतीत समुद्र, बर्फ आणि वातावरण एकमेकांशी जोडून गणित केले जाते आणि तिचे निष्कर्ष आंतरराष्ट्रीय तुलनेतही सहभागी झाले आहेत, हे सांगितल्यावर आपल्या पडद्यावरील प्रतिकृती आणि शास्त्रज्ञांची प्रतिकृती यांतील नाते मुलांना समजले. काय वगळले आहे हे ठाऊक असेल तर साधी प्रतिकृतीही उपयोगी पडते.

केवळ सिम्युलेशनवर थांबले असते तर मुलांनी ते संगणकातील खेळ म्हणून बाजूला ठेवले असते. म्हणून पुढचे तास प्रत्यक्ष मोजमापांसाठी ठेवले. चार्ल्स कीलिंग यांनी मार्च १९५८ मध्ये हवाई बेटावरील मौना लोआ येथे कार्बन डायऑक्साइडचे अखंड मोजमाप सुरू केले. तेव्हा ते हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग होते, आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. त्या चढत्या आलेखाला दरवर्षी एक लहान दातेरी लाट असते. मे महिन्यात शिखर आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तळ. उत्तर गोलार्धातील वनस्पती उन्हाळ्यात कार्बन शोषतात आणि हिवाळ्यात सोडतात, त्यामुळे ही लाट उमटते. मैदानावर केलेली बारा चिंचोक्यांची देवघेव ती हीच, आणि लाटेखालून हळूहळू वर सरकणारी पातळी म्हणजे तो एक जास्तीचा चिंचोका, हे विद्यार्थ्यांनी कोणीही न सुचवता जोडले. त्या तासाला मला मनापासून आनंद झाला.

आमच्या दृष्टीने त्याहून जवळची गोष्ट म्हणजे सिंहगड. आयआयटीएमने २००९ पासून सिंहगडावर हवेचे नमुने घेऊन कार्बन डायऑक्साइड आणि इतर वायूंचे मोजमाप सुरू केले. ज्या गडावर मुले पिठले-भाकरी खाण्यासाठी जातात, तेथे पृथ्वीच्या श्वासोच्छ्वासाचे मापन होते, ही माहिती त्यांच्यासाठी पूर्णपणे नवी होती. गोव्यात काणकोण तालुक्यातील काब द राम येथेही १९९३ पासून काही वर्षे असे नमुने गोळा केले गेले होते. तेथे पावसाळ्यात नैऋत्येकडून समुद्रावरची स्वच्छ हवा येते आणि हिवाळ्यात ईशान्येकडून भूखंडावरची हवा येते, त्यामुळे एकाच ठिकाणी ऋतूनुसार वेगळी हवा मोजली जाते. आपल्याकडे साग उन्हाळ्यात निष्पर्ण होतो आणि जूननंतर सारे हिरवे होते, मग आपल्या परिसरात कार्बन शोषण्याचा हंगाम कोणता, या प्रश्नावर एक संपूर्ण तास चर्चेत गेला. तो ठरलेल्या नियोजनात नव्हता, पण मी तो थांबवला नाही.

याच चर्चेत सर्वांत कठीण प्रश्न पुढे आला. आमच्या भागात भाताचे रोप करण्यापूर्वी शेतात राब भाजतात. पालापाचोळा, टहाळ, शेण पसरून ते जाळतात आणि मग पावसाच्या तोंडावर बी पेरतात. एका विद्यार्थिनीने विचारले, की राब भाजल्यावरही कार्बन डायऑक्साइडच बाहेर पडतो आणि मोटारसायकलमधूनही तोच, तर मग दोन्ही सारखेच वाईट का नाहीत. रेणू अगदी एकच आहे, त्यात काडीचा फरक नाही. फरक आहे तो रेणूतील कार्बन कोणत्या वर्तुळातून आला याचा. राबातील पाल्याने तो कार्बन गेल्या एकदोन वर्षांत हवेतूनच घेतला होता आणि झाड पुन्हा फुटले की ते पुन्हा घेईल. पेट्रोलमधील कार्बन कोट्यवधी वर्षे जमिनीखाली होता, तो या देवघेवीत मुळी नव्हताच. म्हणजे राब हा बारा चिंचोक्यांपैकी आहे आणि पेट्रोल हा इंधनाच्या वर्तुळातला. अर्थात झाड पुन्हा फुटू दिले नाही, ते तोडतच नेले, तर वनस्पतींचा साठा घटतो आणि वातावरणाचा वाढतो, आणि राबाचा धूर व मातीची हानी हे प्रश्न वेगळेच आहेत, हेही बोलावे लागले. आपल्या वडीलधाऱ्यांची शेती गुन्हेगार ठरवली जात आहे असे वाटले की मुले ऐकणे बंद करतात. म्हणून हा फरक स्पष्टपणे आणि आदराने सांगणे मला फार महत्त्वाचे वाटते. भातखाचरात साचलेल्या पाण्याखाली ऑक्सिजन नसल्याने जिवाणू मिथेन तयार करतात, हे मात्र त्याच आदराने सांगितले आणि पाणी मधूनमधून निथरू दिल्यास मिथेन कमी होतो, हेही सांगितले.

दुसऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले, की हवेतला वाढलेला कार्बन इंधनातलाच कशावरून. हा प्रश्न मी सगळ्या वर्गाला लिहून घ्यायला लावला, कारण विज्ञानात असाच प्रश्न विचारायचा असतो. कोट्यवधी वर्षे गाडल्या गेलेल्या इंधनात कार्बन-१४ हे किरणोत्सारी समस्थानिक उरलेले नसते आणि वनस्पतींपासून बनल्यामुळे त्यात कार्बन-१३ चे प्रमाणही कमी असते. वातावरणातील कार्बनमध्ये ही दोन्ही चिन्हे उमटली आहेत. शिवाय ज्वलनाला ऑक्सिजन लागतो आणि हवेतील ऑक्सिजन त्या प्रमाणात किंचित घटतो आहे, तेही मोजले गेले आहे.

त्यानंतर आम्ही स्वतःचे सिम्युलेशन तयार केले. स्प्रेडशीटमध्ये वातावरण, वनस्पती व माती, समुद्राचा पृष्ठभाग आणि खोल समुद्र असे चार स्तंभ, एक ओळ म्हणजे एक वर्ष. खोल समुद्रात सुमारे ३७,००० अब्ज टन कार्बन आहे, हा आकडा लिहितानाच मुलांना वातावरण किती लहान कप्पा आहे याची जाणीव झाली. नियम मुद्दाम अगदी साधा ठेवला. एखाद्या कप्प्यातील कार्बन जितक्या पटीने वाढेल, तितक्या पटीने त्यातून बाहेर जाणारा प्रवाह वाढेल. १७५० पासून माणसाने सोडलेला एकूण कार्बन सुमारे ७०० अब्ज टन आहे, तो वाढत्या क्रमाने वर्षांवर विभागून टाकला. आलेख चढला, पण आजच्या तारखेला येणारे उत्तर मौना लोआच्या मोजमापापेक्षा बरेच कमी निघाले. आमच्या तक्त्यातील झाडे आणि समुद्र खऱ्यापेक्षा फार उदार झाले होते.

मुलांना वाटले, की सूत्र चुकले. सूत्र ठीक होते, निसर्ग तितका साधा नव्हता. हवेत कार्बन डायऑक्साइड दीडपट झाला म्हणून झाडे दीडपट वाढत नाहीत, त्यांना पाणी, नायट्रोजन, फॉस्फरसही लागतो, हे त्यांना शेतीमुळे लगेच पटले. समुद्राची गोष्ट अवघड होती. पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड तेथील कार्बोनेटशी अभिक्रिया करतो आणि जसजसे कार्बोनेट संपत जाते, तसतशी आणखी वायू सामावून घेण्याची पृष्ठभागाची क्षमता घटते. रॉजर रेव्हेल आणि हान्स सूस यांनी १९५७ मध्ये हीच गोष्ट दाखवून दिली होती. जास्वंदीच्या पाकळ्यांच्या अर्कात नळीने उच्छ्वास सोडून रंग बदलतो का, हे मुलांनी पाहिले आणि समुद्राचा सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो घटला की आम्लता वाढते) ८.२ वरून ८.१ झाला म्हणजे काय, याचा त्यांना थोडा अंदाज आला. मग त्यांनी तक्त्यातील दोन्ही प्रवाहांचा वाढीचा दर कमी केला आणि आलेख मोजमापाच्या जवळ आणला. आपली प्रतिकृती मोजमापाशी जुळत नसेल तर प्रतिकृती बदलायची, मोजमाप नव्हे, हा क्रम त्यांनी स्वतः अनुभवला. माझ्या मते तयार सिम्युलेशन कितीही उत्तम असले तरी हा अनुभव ते देऊ शकत नाही, आणि त्यासाठी जुना संगणक आणि स्प्रेडशीट पुरेशी आहे.

‘एन-रोड्स’ हे क्लायमेट इंटरॅक्टिव्ह ही संस्था आणि एमआयटीचे स्लोन व्यवस्थापन विद्यालय यांनी तयार केलेले सिम्युलेशन आम्ही एकाच संगणकावर, मोबाइलच्या इंटरनेटवर आणि प्रोजेक्टर लावून वापरले. त्यात कोळसा, तेल, वीजवाहने, जंगले, कार्बनवरील किंमत अशा अनेक पट्ट्या सरकवून २१०० साली तापमान किती वाढेल हे पाहता येते. गटांनी आधी अंदाज लिहिले. वृक्षारोपणाला सर्वांनी पहिला क्रमांक दिला, कारण शाळेत लहानपणापासून तोच उपाय सांगितला जातो. ती पट्टी शेवटपर्यंत सरकवूनही तापमानात अंशाच्या लहानशा भागाइतकाच फरक पडला, तेव्हा वर्गात शांतता झाली. झाडे निरुपयोगी आहेत असा अर्थ त्यांनी काढू नये, म्हणून झाड मोठे व्हायला किती वर्षे लागतात, जागा किती लागते आणि एक चिंचोका म्हणजे किती लाकूड, याचा हिशेब आम्ही मांडला. मग कोळशाची पट्टी हलली आणि वाद सुरू झाला. भारतात दरडोई कार्बन डायऑक्साइडचे वार्षिक उत्सर्जन सुमारे २ टन आहे, अमेरिकेत सुमारे १४ टन. "मग आधी त्यांनी कमी करावं," असे एक जण म्हणाला आणि त्याचे म्हणणे न्याय्य आहे. दुसरीने त्याला आठवण करून दिली, की वातावरणाचे वर्तुळ एकच आहे आणि चिंचोक्यावर कोणत्या देशाचे नाव नाही. दोन्ही मुद्दे खरे आहेत. मी त्यांतील एकाची बाजू घेऊन चर्चा मिटवली नाही.

पुण्याच्या आयसर, म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेत, ‘ट्रॉप आयसीएसयू’ नावाचा प्रकल्प चालला, त्यात नेहमीच्या विषयांतूनच हवामानबदल शिकवण्यासाठी पाठ तयार केले गेले. त्यातील भूमिका मला पटली होती, की हवामानबदलासाठी वेगळा तास मागण्यापेक्षा गणितातील आलेख, रसायनशास्त्रातील आम्ल आणि भूगोलातील वारे यांतच तो आणावा. आमच्या शाळेत स्प्रेडशीटचे काम गणिताच्या शिक्षकांनी आपल्या तासाला घेतले, म्हणून वेळ मिळाला. वार्षिक परीक्षेत यातील काहीही विचारले गेले नाही, तेथे आकृतीच होती. परंतु या वेळी अनेकांनी बाणांची जाडी कमीजास्त काढली आणि बाणांवर आकडे लिहिले.

शेवटचा प्रयोग विद्यार्थ्यांनीच सुचवला. तक्त्यात एका वर्षानंतर उत्सर्जन शून्य करायचे आणि पुढे काय होते ते पाहायचे. वातावरणातील कार्बन हळूहळू उतरू लागला, कारण समुद्र अजूनही शोषत होता, पण ५९० पर्यंत काही केल्या येईना. "मॅडम, मग पहिल्यासारखं कधी होणार?" सोडलेल्या कार्बनचा एक भाग हजार वर्षांनंतरही हवेत राहतो आणि उरलेले काम शेवटी खडक करतात, हे उत्तर मी दिले. पावसाच्या पाण्यातील कार्बोनिक आम्लाने खडकाचे विदारण होते, म्हणजे तो हळूहळू झिजून विरघळतो, आणि तो कार्बन नद्यांतून समुद्रात व अखेर तळाच्या चुनखडीत जातो. सह्याद्रीचा बेसाल्ट या कामात विशेष तरबेज आहे. जो लाव्हा सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी बाहेर पडताना कार्बन डायऑक्साइड सोडत होता, त्याचाच खडक आता तो शोषतो. मुलांनी लगेच खडकाचा पाचवा स्तंभ घालायचे ठरवले.

येथे एक तांत्रिक अडचण आली आणि ती सर्वांत उद्बोधक ठरली. ज्वालामुखींतून येणारा कार्बन वर्षाला साधारण ०.१ अब्ज टन असतो आणि विदारणातून जाणाराही दीर्घकाळात साधारण तितकाच, म्हणजे आमच्या चिंचोक्याचा शंभरावा भाग. त्याचा परिणाम दिसायला लाखो ओळी हव्यात आणि तितक्या ओळींनी आमचा संगणक अडकून बसला. एका गटाने युक्ती केली आणि एक ओळ म्हणजे हजार वर्षे असे धरले. दुसऱ्याच ओळीत वातावरणातील कार्बन ऋण झाला, कारण वर्षाला २०० अब्ज टन बाहेर जाणारा प्रवाह हजाराने गुणल्यावर ५९० च्या साठ्यातून वजा होत होता. साठा ज्या वेगाने बदलतो, त्याहून मोठी पावले टाकता येत नाहीत, ही गोष्ट त्या उणे चिन्हाने त्यांना शिकवली. आता आमच्याकडे दोन तक्ते आहेत. एक वर्षावर्षाचा, त्यात झाडे आणि समुद्र आहेत आणि खडक स्थिर मानला आहे. दुसरा हजार हजार वर्षांचा, त्यात हवा, झाडे आणि समुद्र मिळून एकच कप्पा केला आहे आणि खडक व ज्वालामुखी एवढेच प्रवाह आहेत. पहिल्यात माणसाचे उत्सर्जन ठळक दिसते आणि खडकाचा वाटा दिसतच नाही. दुसऱ्यात माणसाचा सारा औद्योगिक काळ पहिल्या एकाच ओळीत संपतो आणि तो निस्तरायला पुढच्या शेकडो ओळी लागतात.